डोक्याला मार बसलेला नेता परत येऊ शकतो. फक्त सही त्याचीच पाहिजे!

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. आणि शिव्या द्यायच्याच असतील तर अर्धी वाचून नको, पूर्ण वाचून द्या.

निवडणुकीचे दिवस आले की आपल्याकडे टपरीवर उमेदवाराच्या तीन गोष्टींची चौकशी होते. जात, पैसा आणि तब्येत. पहिल्या दोन गोष्टींचा हिशेब मोठ्या आवाजात चालतो. तब्येतीचा मात्र कुजबुजत. "भाऊंना मागे लकवा मारला होता ना?" "अ‍ॅक्सिडेंटनंतर डोक्याचं ऑपरेशन झालंय म्हणे." "बोलताना शब्द अडकतो, पाहिलं का?" मग कोणीतरी आपल्या अहिराणीत निकाल देऊन टाकतो, "आते काय ऱ्हायनं त्यामा!" संपलं. माणूस जिवंत, समोरून हात जोडत येतोय, पण टपरीने त्याला रिटायर करून टाकलं.

दुसऱ्या बाजूला कार्यकर्ते. त्यांचं वाक्य ठरलेलं. "साहेब ठणठणीत आहेत, डॉक्टरांनी फक्त विश्रांती सांगितलीय." वीस वर्षं बातमीदारी करतोय. या वाक्यात "फक्त" हा शब्द आला की समजायचं, प्रकरण फक्त विश्रांतीचं नाही.

माझं भांडण या दोघांशीही आहे. मेंदूला इजा झालेला माणूस राजकारणात परत येऊ शकतो, त्याला तो हक्क आहे, आणि त्याची टिंगल करणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे. पण खुर्चीवर बसल्यावर निर्णय त्याचा स्वतःचा असला पाहिजे, आणि तो त्याचाच आहे हे कळण्याचा हक्क आपल्याला आहे. पहिली गोष्ट माणुसकीची, दुसरी लोकशाहीची. आपण सध्या दोन्ही पाळत नाही.

हा विषय लांबचा नाही. मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याला राहणाऱ्याला विचारा, तरसोद-फागणे टप्प्याचं काम वर्षानुवर्षं रखडलेलं बघितलेल्या जळगावकराला विचारा. डोक्याला मार लागून महिना-महिना बेशुद्ध राहिलेला एक तरी माणूस प्रत्येकाच्या ओळखीत निघेल. आणि लकवा तर गल्लीगल्लीत आहे. बीपीची गोळी "आता बरं वाटतंय" म्हणून बंद करायची आणि सहा महिन्यांनी एक हात लुळा. यातली कितीतरी माणसं परत उभी राहतात. डाव्या हाताने वही लिहिणारा दुकानदार असतो. काठी टेकत शाळेत जाणारे गुरुजी असतात. त्यांना आपण "आते काय ऱ्हायनं" म्हणत नाही. गुरुजी आले की बाकावर सरकून जागा देतो.

नोकरीतल्या माणसासाठी कायदाही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० सांगतं की सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढून टाकता येत नाही, त्याची पायरीही खाली आणता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं. म्हणजे कायद्याने दोन गोष्टी एकत्र सांभाळल्या. माणसाचा मान राखला आणि काम त्याला झेपणारं दिलं. बस चालवणाऱ्याला लकवा मारला तर त्याला पुन्हा स्टिअरिंगवर बसवायचं नाही, पण घरीही पाठवायचं नाही.

तुमचं-आमचं ड्रायव्हिंग लायसन घ्या. चाळिशी ओलांडली की डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. मोटारसायकलवर एरंडोलला जायला फिटनेस लागतो. अख्खं खातं चालवायला काय लागतं?

काही नाही. खरंच काही नाही.

राज्यघटनेच्या कलम १९१ मध्ये आमदाराच्या अपात्रतेची कारणं दिली आहेत. त्यातलं एक, माणूस मनाने विकल असेल आणि सक्षम कोर्टाने तसं जाहीर केलेलं असेल तर. खासदारासाठी हेच कलम १०२ मध्ये. आता सांगा, आपल्या नेत्याला कोर्टाकडून तसं जाहीर करून घ्यायला कोण जाणार? घरचे? पक्ष? दुसरी तरतूद कलम १९० ची. सभागृहाच्या परवानगीशिवाय साठ दिवस गैरहजर राहिला तर सभागृह त्याची जागा रिकामी जाहीर करू शकतं. पण अधिवेशन संपलेलं असताना किंवा सलग चारपेक्षा जास्त दिवस तहकूब असताना जाणारे दिवस त्यात धरत नाहीत. आणि परवानगी मागितली की प्रश्नच मिटला. मंत्र्याचं तर त्याहून सोपं, मुख्यमंत्र्याच्या मनात असेल तोपर्यंत मंत्री.

म्हणजे एका टोकाला "वेडा ठरवा", दुसऱ्या टोकाला "काहीच झालं नाही". मधली सगळी जागा मोकळी. आणि मेंदूला इजा झालेली बहुतेक माणसं नेमकी त्या मधल्या जागेत असतात. आज बरी, उद्या थकलेली. सकाळी स्वच्छ विचार करणारी, संध्याकाळी गोंधळणारी. सहा महिन्यांनी खूप सुधारलेली. त्यांच्यासाठी आपल्याकडे ना नियम, ना रीत, ना शब्द.

याचं सगळ्यात जवळचं उदाहरण शेजारच्या गोव्यात घडलं. पांडुरंग मडकईकर, कुंभारजुव्याचे आमदार, पर्रीकर सरकारात वीजमंत्री. जून २०१८ मध्ये मुंबईत असताना त्यांना ब्रेन स्ट्रोक झाला. दवाखान्यात लांबचा मुक्काम पडला. वीज खातं म्हणजे रोज सह्या, रोज निर्णय. २४ सप्टेंबर २०१८ ला त्यांना मंत्रिमंडळातून काढलं. त्याच दिवशी फ्रान्सिस डिसोझांनाही काढलं. ते तेव्हा अमेरिकेत उपचार घेत होते आणि त्यांनी नाराजी उघड बोलून दाखवली. पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये ते गेले.

आता गंमत बघा. गंमत म्हणावी की दुःख, तुम्ही ठरवा. या दोन आजारी मंत्र्यांना ज्या मुख्यमंत्र्यांच्या सरकारातून काढलं ते मनोहर पर्रीकर त्या दिवशी स्वतः दिल्लीच्या एम्समध्ये दाखल होते. त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. ते मुख्यमंत्रिपदावर राहिले ते १७ मार्च २०१९ ला शेवटचा श्वास घेईपर्यंत. नाकात नळी असताना पुलाची पाहणी केली, जानेवारीत अर्थसंकल्प मांडला. कुणाला ते जिद्दीचं वाटलं, कुणाला माणसाला ओढत नेण्याचं. मला त्यांच्या जिद्दीबद्दल आदर आहे. पण एकाच मंत्रिमंडळात, एकाच महिन्यात, आजारी माणसांना दोन वेगळे न्याय कोणत्या नियमाने? नियम नव्हताच. गणित होतं. कोणाशिवाय सरकार पडतं आणि कोणाशिवाय नाही, एवढंच.

मडकईकर आमदार म्हणून मुदत संपेपर्यंत राहिले. २०२२ ला भाजपने उमेदवारी त्यांच्या पत्नीला दिली, त्या हरल्या. आणि मार्च २०२५ मध्ये हेच मडकईकर गोव्याच्या मंत्र्यांवर लाचखोरीचे आरोप करून राज्यभर गाजले. आरोप खरे-खोटे ते तपासणारे तपासतील. माझा मुद्दा वेगळा. ज्या माणसाला २०१८ मध्ये "संपला" म्हणून बाजूला केलं, तो सात वर्षांनी सरकारला घाम फोडत होता. टपरीचा निकाल किती घाईचा असतो, हे यावरून कळावं.

मग मडकईकरांना मंत्रिपदावरून काढणं चूक होतं का? नाही. माझ्या मते बरोबर होतं. खातं तीन-तीन महिने थांबू शकत नाही. चूक एवढीच की ते कोणत्याही ठरलेल्या नियमाने झालं नाही, मर्जीने झालं. नियमाने झालं असतं तर त्यात अपमान नव्हता. शिक्षक रजेवर गेला की बदली शिक्षक येतो, त्यात कुणाचं नाक कापलं जात नाही.

आता थोडं मेंदूबद्दल. मी डॉक्टर नाही, पण एवढं समजून घेतल्याशिवाय या विषयावर तोंड उघडू नये.

मेंदूच्या वेगवेगळ्या भागांची कामं वेगळी. बहुतेक लोकांची भाषा डाव्या बाजूला असते. तिथे स्ट्रोक झाला तर माणसाला सगळं कळतं, पण शब्द सापडत नाही. "पाणी" म्हणायचं असतं आणि तोंडातून "पाटी" निघतं. त्याला काय म्हणायचंय ते त्याला पक्कं माहीत असतं. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं, याचं डोकं गेलं. उलट कपाळामागच्या भागाला मार बसला तर माणूस फाडफाड बोलू शकतो, हात-पाय व्यवस्थित, हार-तुरे घेताना फोटोत झकास. पण तारतम्य गेलेलं असतं. राग आवरत नाही, पैशाचा अंदाज राहत नाही, कोणीही काही सांगितलं की पटतं. आणि काही रुग्णांना तर आपल्याला काही झालंय हेच जाणवत नाही.

म्हणजे आपण टपरीवर जे मोजतो, तोंड वाकडं, शब्द अडकतो, पाय ओढतो, ते बऱ्याचदा बिनमहत्त्वाचं असतं. जे महत्त्वाचं असतं ते भाषणात दिसत नाही. ते फाईलवर दिसतं.

शरद पवारांचं घ्या. २००४ मध्ये तोंडाच्या कॅन्सरवर उपचार झाले, उच्चारावर परिणाम कायमचा राहिला. १८ ऑक्टोबर २०१९ ला साताऱ्याच्या पावसात तेच भाषण करत होते. त्यांचं राजकारण आवडो न आवडो, उच्चारावरून त्यांच्या डोक्याचा अंदाज बांधणाऱ्यांचं काय झालं ते महाराष्ट्राने पाहिलं. धनंजय मुंडेंना फेब्रुवारी २०२५ मध्ये बेल्स पाल्सी झाली, सलग दोन मिनिटं बोलता येत नाही असं त्यांनीच सांगितलं. बेल्स पाल्सीत चेहऱ्याच्या नसेला त्रास होतो, विचार करणाऱ्या मेंदूला नाही. मार्चमध्ये राजीनामा देताना त्यांनी तब्येतीचंही कारण दिलं, पण तेव्हा राज्यात संतोष देशमुख हत्या प्रकरण पेटलेलं होतं. आजाराची गोष्ट कोणी आजार म्हणून ऐकलीच नाही. आमच्या एकनाथ खडसेंना नोव्हेंबर २०२३ मध्ये हृदयविकाराचा झटका आला, एअर अ‍ॅम्ब्युलन्सने मुंबईला नेलं. ते परत आले, बोलू लागले, भांडू लागले. "आता जमेल का" असं कोणी खोदून विचारलं नाही. बरोबरच केलं. हृदय बंद पडून सुरू झालं तरी माणूस तोच राहतो, हे आपल्याला कळतं. मेंदूबद्दल मात्र आपण लगेच माणूसच बदलला असं धरून चालतो. कधी बदलतो, कधी नाही. ते तपासायला लागतं, कुजबुजायला नाही.

जगात हे तपासून, दाखवून, सांगून परत आलेली माणसं आहेत.

अमेरिकेचे सिनेटर टिम जॉन्सन. डिसेंबर २००६ मध्ये मेंदूत रक्तस्राव. नऊ महिन्यांनी, सप्टेंबर २००७ मध्ये सिनेटमध्ये परत. बोलणं संथ, चालणं अवघड. २००८ ला लोकांनी पुन्हा निवडून दिलं, आणि पुढे ते सिनेटच्या बँकिंग समितीचे अध्यक्ष झाले. जॉन फेटरमन यांना मे २०२२ मध्ये ऐन निवडणुकीत स्ट्रोक झाला. ऐकलेलं पटकन उमगत नव्हतं, म्हणून ऑक्टोबरच्या टीव्ही वादचर्चेत समोर पडद्यावर शब्द लिहून येण्याची सोय केली. वादचर्चा वाईट झाली. पण सगळ्या राज्यासमोर झाली. लोकांनी पाहिलं आणि तरीही निवडून दिलं. यात फसवणूक कुठेच नाही.

गॅब्रिएल गिफर्ड्स यांची गोष्ट तिसऱ्या प्रकारची. ८ जानेवारी २०११ ला सभेत डोक्यात गोळी लागली. वाचल्या. ऑगस्टमध्ये एका महत्त्वाच्या मतदानाला सभागृहात आल्या, सगळे उभे राहिले. आणि जानेवारी २०१२ मध्ये स्वतःहून राजीनामा दिला, बरं होण्याकडे लक्ष द्यायचं म्हणून. नंतर बंदुकांच्या विरोधात वर्षानुवर्षं काम केलं. खुर्ची सोडली म्हणजे सार्वजनिक जीवन संपलं, असं थोडंच आहे?

आणि लपवल्याने काय होतं त्याचीही उदाहरणं आहेत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना ऑक्टोबर १९१९ मध्ये मोठा झटका आला. पत्नी आणि डॉक्टरांनी देशापासून लपवलं. कोणती फाईल आत जाणार, कोणता माणूस भेटणार, हे पत्नी ठरवत होती. मुदत संपेपर्यंत असंच चाललं. राष्ट्राध्यक्ष काम करू शकत नसतील तर काय, याची घटनादुरुस्ती त्या देशाने केली ती १९६७ मध्ये. इस्रायलमध्ये एरिअल शेरॉन यांना डिसेंबर २००५ मध्ये सौम्य झटका आला, ते लगेच कामाला लागले. ४ जानेवारी २००६ ला दुसरा, प्रचंड झटका. ते शुद्धीवर आलेच नाहीत. पण तिथे नियम होता. उपपंतप्रधानांकडे तात्पुरता कारभार, शंभर दिवस वाट बघायची, मग पुढचं. शंभर दिवसांनंतर कारभार रीतसर पुढे गेला. कोणाच्या पीएला विचारायची वेळ आली नाही.

आपल्याकडे? भुसावळच्या जुन्या रेल्वे कामगारांना जॉर्ज फर्नांडिस कोण ते सांगायला नको. १९७४ च्या संपात ज्यांच्या एका हाकेवर देशभर गाड्या थांबल्या, तो माणूस म्हातारपणी अल्झायमरने हळूहळू स्वतःलाच हरवत गेला. २००९ च्या लोकसभेला पक्षाने तब्येतीचं कारण देऊन तिकीट नाकारलं. ते अपक्ष उभे राहिले, हरले. आणि काही महिन्यांतच त्यांना राज्यसभेवर बिनविरोध पाठवलं. लोकसभेला न चालणारी तब्येत राज्यसभेला कशी चालली? नंतर त्यांची काळजी कोणी घ्यायची यावरून जवळची माणसं कोर्टात भांडत होती. एवढ्या मोठ्या माणसाचा असा शेवट आपण उघड्या डोळ्यांनी होऊ दिला, कारण "साहेब, आता थांबा" म्हणण्याची रीतच आपल्याकडे नाही.

आता सहीकडे येतो. हा माझा मुख्य मुद्दा आहे.

जून २०२२. विधान परिषदेची निवडणूक. पुण्याच्या मुक्ता टिळक आणि चिंचवडचे लक्ष्मण जगताप, दोघेही कॅन्सरने गंभीर आजारी, दोघांनाही मतदानासाठी मुंबईला आणलं गेलं. मतपत्रिका पेटीत टाकायला दुसऱ्याची मदत घेतली म्हणून काँग्रेसने हरकत घेतली, मतमोजणी लांबली, हरकत फेटाळली गेली. दोघेही पुढच्या सहा-सात महिन्यांत गेले. तेव्हा पुष्कळ लोकांनी हळहळ व्यक्त केली, पुष्कळांनी टीका केली. मी म्हणतो, हात थरथरतोय म्हणून दुसऱ्याने कागद पेटीत टाकला तर बिघडलं काय? मत कोणाला द्यायचं हे त्यांच्या डोक्याने ठरवलं होतं.

दुसरं चित्र बघा. ऑक्टोबर २०१६, तमिळनाडू. मुख्यमंत्री जयललिता दवाखान्यात, बाहेर कोणालाच काही कळत नाही. पोटनिवडणुकीच्या उमेदवारांच्या कागदांवर पक्षप्रमुख म्हणून सहीऐवजी अंगठा उमटतो. कारण हाताला सूज. तो अंगठा कोर्टापर्यंत गेला आणि त्यातल्या एका जागेची निवडणूक मद्रास उच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये रद्द ठरवली. तोपर्यंत निवडून आलेला आमदारही हयात नव्हता.

हाताला मदत चालेल, डोक्याला बदली चालणार नाही. एवढी साधी रेघ आहे. व्हीलचेअर द्या, काठी द्या, बोलणं वाचून दाखवणारा माणूस द्या, वेळ जास्त द्या. पण निर्णय मुलगा घेतोय, जावई घेतोय, पीए घेतोय आणि खाली नाव साहेबांचं, हे नको.

आणि खान्देशात हे कोणाला समजावून सांगायची गरज नाही. आपण सरपंचपती बघितलेत. बाई निवडून येते, डोक्याने खणखणीत असते, आणि ग्रामपंचायतीत खुर्चीवर तिचा नवरा बसतो. धडधाकट बाईची खुर्ची आपण दुसऱ्याला बळकावू देतो, तर आजारी नेत्याची खुर्ची कोण सोडणार आहे? आमदार निधीतला सभामंडप कुठे होणार, कोणत्या पाड्याचा रस्ता आधी, कोणाची शिफारस जाणार, या प्रत्येक कागदावर सही लागते. ती सही ज्याच्या नावाची आहे त्याला कागदात काय आहे हे माहीत नसेल, तर आपण मत दिलं एकाला आणि राज्य करतोय दुसराच.

"पत्रकार साहेब, तब्येत ही खासगी गोष्ट आहे." मान्य. कोणती गोळी चालू आहे, कोणत्या डॉक्टरकडे जातात, स्कॅनमध्ये काय दिसलं, याच्याशी मला देणंघेणं नाही. मला एकच गोष्ट कळली पाहिजे. हा माणूस आज काम करतोय का, आणि नसेल तर त्याच्या जागी कायदेशीरपणे कोण करतंय?

"विरोधक याचा गैरफायदा घेतील." घेतातच. पर्रीकरांच्या तब्येतीचा प्रश्न काँग्रेसने विचारला. डिसेंबर २०२१ मध्ये मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर उद्धव ठाकरे अधिवेशनाला नव्हते, तेव्हा "कारभार दुसऱ्याकडे द्या" असं भाजपने म्हटलं. आजाराला पक्ष नसतो, प्रश्न विचारणाऱ्याला असतो. म्हणूनच नियम आधी ठरलेला पाहिजे, आजार कोणाला होईल हे माहीत नसताना. नियम नसला की प्रत्येक वेळी राजकारणच होणार.

"लोक ठरवतील, मतदान आहे ना." बरोबर. पण लोकांना कळलं तर ते ठरवतील. आणि निवडणूक झाल्यावर दुसऱ्या महिन्यात झटका आला तर? पाच वर्षं थांबायचं?

एक धोका मात्र मी मान्य करतो. आजाराच्या नावावरून माणसाला बाद करणारा कायदा झाला तर तो अन्याय ठरेल. ओडिशात कुष्ठरोग्याला नगरपालिकेत निवडून येण्याची बंदी होती आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली. औषधाने बरा होणारा आजार, आणि माणूस बाद! तसलं काही आपल्याला नको. "स्ट्रोक झालेल्याला तिकीट नको" असा नियम कोणी आणला तर पहिली विरोधाची पोस्ट माझी असेल. मोजायचं ते काम, आजाराचं नाव नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत.

एक. मंत्री, महापौर, नगराध्यक्ष, झेडपी अध्यक्ष, सरपंच, ज्यांच्या सहीने पैसा आणि आदेश निघतात, ते ठरावीक दिवसांहून जास्त काळ काम करू शकत नसतील तर कारभार आपोआप दुसऱ्याकडे जावा. कायमचा नाही, बरं होईपर्यंत. मर्जीवर नको, तारखेवर हवा.

दोन. बरं होऊन परत येताना सरकारी वैद्यकीय मंडळाने एवढंच लिहून द्यावं, कागद वाचून, समजून, स्वतः निर्णय घेऊ शकतात किंवा अजून नाही. आजाराचा तपशील नको. मंडळ दुसऱ्या विभागातलं असावं, म्हणजे पालकमंत्र्याचा फोन जायला थोडा तरी त्रास पडेल.

तीन. आमदार-खासदाराचं वेगळं. त्याच्या हातात खातं नसतं, आवाज असतो. त्याला जास्त वेळ द्या. प्रश्न लेखी मांडायची, बसून बोलायची, मदतनीस सोबत ठेवायची सोय करा. पण तो रजेवर आहे हे मतदारसंघाला जाहीर सांगा. तोपर्यंत लोकांनी गाऱ्हाणं कोणाकडे न्यायचं तेही सांगा.

चार. हे पत्रकारांसाठी, म्हणजे माझ्यासाठीही. "साहेब ठणठणीत" ही प्रेसनोट जशीच्या तशी छापायची नाही. आणि वाकड्या तोंडाचा फोटो झूम करून व्हायरलही करायचा नाही. डिप्लोमाला पहिल्या वर्षी शिकवतात, बातमी म्हणजे लोकांच्या कामाची माहिती. साहेबांची लाळ ही बातमी नाही. साहेबांच्या टेबलावर थांबलेल्या फाईली ही बातमी आहे.

शेवटचं. नेत्याला झटका आला तर एअर अ‍ॅम्ब्युलन्स येते आणि यावीच. मेंदूत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या सातपुड्यातल्या पाड्यावरून निघालेला माणूस त्या वेळेत धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे कॉलेजला किंवा जळगावच्या सिव्हिलला पोचतो का, याचा हिशेब कोणी मांडत नाही. पोचला, वाचला, तर पुढे? बोलायला परत शिकवणारा स्पीच थेरपिस्ट तुमच्या तालुक्याला कुठे बसतो, विचारून बघा. फिजिओथेरपी परवडत नाही म्हणून ज्यांचा हात कायमचा आखडला, अशी माणसं मोजून बघा.

म्हणून मला तर वाटतं, असा माणूस परत यावाच. ज्याने स्वतः "पाणी" हा शब्द तीन महिने शोधलाय, जो फिजिओथेरपीच्या टेबलावर रडलाय, तो विधानसभेत उभा राहून अडखळत अडखळत एवढं एक विचारू शकतो की माझ्या मतदारसंघातल्या माणसाला हे उपचार का नाहीत. त्या अडखळत्या प्रश्नाला मी शंभर सफाईदार भाषणांपेक्षा जास्त मान देईन आणि पहिल्या पानावर छापायला भांडेन.

पण तो प्रश्न त्याने स्वतः विचारावा. पुतण्याने लिहून दिलेला नको.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर मुद्द्यावर भांडा, कोणाच्या तब्येतीवर नको.